लग्नाच्या दुसऱ्या सकाळी मुंजाजी मास्तर

लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाच्या दारात कोण येतं? मंडपवाला येतो कापड सोडायला. भांडीवाला येतो, एक पातेलं कमी भरतंय म्हणून भांडायला. आणि आमच्या सोनपेठात आणखी एक माणूस यायचा. पांढरा सदरा, पायजमा, काखेत काळी लांबट पेटी आणि तोंडावर दुसऱ्याच्या घरात दूध सांडल्यासारखा ओशाळा भाव. घरचा माणूस दात घासता घासता विचारायचा, "काय मास्तर, इतक्या सकाळी?"

"काई न्हाई. काल वरातीत एका जागी चुकलो हुतो. तेवढं नीट करून जातो."

आणि खरंच पेटी उघडून, क्लॅरिनेटचे तुकडे जोडून, अंगणात उभं राहून ती एक ओळ वाजवायचे. नीट वाजली की पेटी बंद. मग चहा देणार असाल तर द्या, नाहीतर राम राम.

मुंजाजी मास्तर हे आमच्या गावातल्या बँडपार्टीचे मालक आणि क्लॅरिनेटवाले. मी त्यांचा शेजारी. माझं शिलाईचं दुकान आणि त्यांच्या बँडची खोली, मधे एक भिंत, तीही अर्ध्या विटेची. बँडचे लाल कोट आणि त्यावरची जरीची पट्टी माझ्याच हातची. भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एखादी ओळ बसत नसली की दिवसभर तीच. गिऱ्हाइकं म्हणायची, "शेषराव, तुमच्या शेजाऱ्याची रेकॉर्ड अडकली बगा." मी त्या भिंतीवर लाकडी गज आपटून आपटून तिचा पोपडा काढला होता. आता तिकडून आवाज येत नाही, तर त्याचाही वैताग येतो. माणसाचं काही खरं नाही बघा.

चूक म्हणजे तरी काय असायची? लोकांना कळायचीसुद्धा नाही. वरातीत नाचणाऱ्या पोरांना ढोल पाहिजे असतो, क्लॅरिनेटवाला एक सूर खाली गेला का वर गेला याची फिकीर कुणाला! पण मास्तर वरातीवरून आले की कोट न काढताच माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचे.

"शेषू, तू ऐकलास का?"

"काय?"

"त्या कोपऱ्यावर. पाण्याच्या टाकीजवळ."

"मास्तर, मी जेवायलो हुतो. मला बुंदी ऐकू येत हुती निस्ती."

हसायचे. पण पुन्हा तेच. "न्हाई, चुकलंच ते. बोट उशिरा उचललं." कुणी कौतुक केलं तर माशी हाकलावी तसा हात हलवायचे. आणि निंदा केली तर मात्र त्याला बसवून घ्यायचे, चहा सांगायचे, "अजून काय काय चुकलं, सांगा की." त्यांची बायको सरूबाई एकदा माझ्या दुकानात ब्लाऊज टाकायला आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, ह्येन्ला जेवताना भातात खडा लागला ना, तरी म्हणत्यात माझाच दात चुकला." असं ते सगळं बिऱ्हाड होतं.

एकदा गंगाखेडच्या साखर कारखान्यातल्या एका क्लार्कच्या पोराचं लग्न होतं. मला परभणीला अस्तराचं कापड आणायला जायचंच होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं बरोबरच निघालो. गंगाखेडला मास्तर म्हणाले, उतर जरा, पाच मिनिटांचं काम हाय. गेलो तर सगळं घर घोरत पडलेलं. जागे एकटे आजोबा, तेही कानानं ठार बहिरे. नवऱ्यामुलाच्या मामानं डोळे चोळत बाहेर येऊन खिशात हात घातला. त्याला वाटलं, बक्षिशी राहिली असेल. मास्तरांनी त्याचा हात धरून परत खिशात घातला आणि वाजवायला सुरुवात केली. मामा उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. आजोबा मास्तरांच्या फुगलेल्या गालांकडं बघत होते. वाजवून झाल्यावर आजोबांनी मला विचारलं, "काय म्हनायलेत ते?" मी काय सांगणार, कप्पाळ!

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मास्तर, ऐकलं कुणी ते?"

"ऐकायचं काय त्यात? जिथं चुकलं तिथं नीट झालं."

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं त्यांच्या उस्तादांनी. परभणीत एक म्हातारे उस्ताद होते. त्यांच्याकडं मास्तर ऐन तारुण्यात शिकायला राहिले. उस्ताद बोलायचे कमी, मारायचे जास्त. पण एक वाक्य मास्तरांनी मनावर गोंदून घेतलं होतं आणि ते उस्तादांच्याच आवाजात म्हणून दाखवायचे: "गलती हुई तो उसको वहींच छोड को नक्को आना रे मुंजाजी. वो उधरइच बैठी रैती." मला आपलं वाटतं, उस्तादांना एवढंच म्हणायचं असावं की बाबा, चुकलेलं पुन्हा घोटून घे, घरी बसून रियाज कर. पण मास्तर पडले सरळ माणूस. त्यांनी ते जसंच्या तसं घेतलं. चूक तिथंच बसून राहते म्हणजे तिथं जाऊन तिला उठवायला पाहिजे.

गावानंही त्यांना कधी वेड्यात काढलं नाही. उलट लग्नाचा बँड ठरवताना लोक थट्टा करायचे, "मास्तर, दुसऱ्या दिवसाचा चहा धरून सांगा." मास्तर लाजायचे. आम्हाला सगळ्यांनाच ते गमतीचं वाटायचं. यात कुणाचं काही वाईट होईल, असं कधी मनातही आलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंगदरावांची पिठाची गिरणी. त्यांची थोरली मुलगी जयश्री. शाळेतून येताना बँडच्या खोलीशी थांबल्याशिवाय घरी जायची नाही. मास्तरांना काका म्हणायची, आणि मास्तरांना स्वतःचं लेकरू नव्हतं, एवढं सांगितलं तरी पुरे. तिचं लग्न ठरलं येलदरीकडच्या एका गावात. धरणाच्या पाण्यावरची शेती, पोरगा हुशार, घर खाऊनपिऊन सुखी. मास्तरांनी अंगदरावांना बजावलं, "बँडच्या पैशाचं बोलायचं न्हाई. पोर माझीबी हाय."

आमच्याकडं पोरीला वाटं लावताना, म्हणजे सासरी धाडताना, ढोल-ताशा थांबवतात. एकटं क्लॅरिनेट वाजतं. वाजवणारा पुढं चालतो, मागून नवरा-नवरी, आणि गाडी उभी असते तिथपर्यंत तो त्यांना नेतो. त्या वाजवण्यात मास्तरांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. दगडासारखा बाप त्या सुरावर ओक्साबोक्शी रडलेला मी पाहिलाय. जयश्रीच्या वेळी वैशाखाचं ऊन होतं. मास्तर सकाळपासून काही खाल्लेले नव्हते. गाडीच्या पाच-सात पावलं अलीकडं जयश्री आईच्या गळ्यात पडली, मास्तरांनी मागं वळून बघितलं, आणि सूर चिरकला. तोंडाशी जी पातळ पत्ती असते ती वाळली, का त्यांचा स्वतःचाच गळा दाटला, देव जाणे. एकच बारीक किंकाळीसारखा आवाज झाला आणि लगेच सूर सावरला. मी हातभर अंतरावर होतो. मला वाटलं, गाडीचा ब्रेक वाजला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं सांगतो, कुणाच्याच नाही.

दुसऱ्या सकाळी मास्तर गिरणीवाल्यांच्या दारात गेले आणि पेटी न उघडताच परत आले. पायरीवर बसले. म्हणाले, "जिच्यासाठी वाजवलं तीच न्हाई तिथं. कुणाला वाजवू?"

"राहू द्या मग. दिवाळीला येईल तवा वाजवा."

"तवर बसून राहील ना ते."

चार दिवस त्यांनी भिंतीपलीकडं काहीच वाजवलं नाही. सरूबाई येऊन म्हणाली, भाऊ, ह्येन्ला समजावा, पानावरून उठायलेत. पाचव्या दिवशी मास्तर धुतलेला सदरा घालून, पेटी घेऊन दारात उभे. "येलदरीकडं जायलोय."

मी कात्री खाली ठेवली. "मास्तर, पोरीच्या सासरी बँडवाल्यानं जायची कुठं रीत हाय का? काय म्हणतील लोक?"

"बँड कुठं हाय? मी एकटाच हाय. माहेरचं माणूस जात न्हाई का?"

एकट्याला सोडवेना म्हणून दुकान बंद करून मीही निघालो. परभणीला गाडी बदलली, जिंतूरला बदलली. वाटभर मास्तर मांडीवर पेटी धरून बसले होते.

सासरची माणसं वाईट नव्हती हो. हे मी आजही म्हणतो. माहेरची माणसं आली म्हणून सासूबाईंनी बाज टाकली, पाणी दिलं, जयश्रीला हाक मारली. ती डोक्यावर पदर घेऊन दारात आली आणि आम्हाला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आलो ते बरं झालं. शेजारच्या दोन बाया कोण आलं म्हणून अंगणात आल्या.

"काय काम काढलं म्हणायचं?" सासऱ्यांनी विचारलं.

मास्तर उभे राहिले. हात जोडले. "काम काई न्हाई. पोरीला वाटं लावताना माझा सूर चिरकला हुता. तेवढं नीट करून जावं म्हणलं."

सासूबाईंच्या हातात चहाचं ताट होतं. ते तसंच राहिलं.

"चिरकला? वाटं लावताना?"

"व्हय माय. माझीच चूक. ह्या लेकराचा काई दोष न्हाई."

मी तिथंच कपाळाला हात लावायला पाहिजे होता. पण मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि माझंही भान गेलं. तसं वाजवलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतर तर प्रश्नच नाही. कडेला बांधलेली बैलं कान टवकारून उभी. जयश्री दाराच्या चौकटीला धरून रडत होती आणि रडता रडता हसत होती. सासूबाई तिच्याकडं बघत होत्या. शेजारणी एकमेकींकडं बघत होत्या.

परतताना जिंतूरच्या स्टँडवर मास्तरांनी मला भजी खाऊ घातली. गाडीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले. त्या दिवशी माझ्या मते ते जगातले सर्वांत सुखी माणूस होते.

पुढं त्या घरात जे घडलं ते कुठल्याही घरात घडतं. विहिरीची मोटर जळाली. एक गाय गाभडली. सासरे मोटारसायकलवरून पडले आणि पाय मोडून दवाखान्यात पडले. आणि प्रत्येक वेळी सासूबाईंच्या तोंडी एकच, "वाटं लावतानाच चिरकलं हुतं. आपुन कुठं म्हनायलाव? त्येंचाच माणूस घरी येऊन सांगून गेला." आधी घरात म्हणाल्या, मग शेजारणी म्हणायला लागल्या, मग नवराही म्हणायला लागला. लेकरू पोटात राहिलं आणि गेलं, तेव्हा तर बोलायलाच नको. वर्ष-दीड वर्षात जयश्री एका पिशवीनिशी माहेरी आली आणि राहिली ती राहिलीच.

मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस जयश्रीची आई माझ्या दुकानात परकराचं माप द्यायला आली होती. मास्तर पायरीवर बसलेले. त्यांनी सहज विचारलं, "वहिनी, जयश्री लय दिवस राहिली या येळला?" बाईच्या तोंडून सगळं आलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती सांगत गेली, मोटर, गाय, सासरा, लेकरू. आणि शेवटी म्हणाली, "मास्तर, आमाला कुणाला ऐकूबी आलं न्हवतं वो. तुमी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

पायरीवरून उठताना मास्तरांनी दाराला धरलं, ते बराच वेळ धरूनच होते.

आठवड्यानं म्हणाले, "शेषू, मी जाऊन सांगतो त्येंला. म्हणतो, खोटं बोललो, चिरकलंच न्हवतं."

या वेळी मात्र मी चिडलो. "बस करा मास्तर! पुन्हा जाऊन अजून काय नीट करणार? तुमी जितक्यांदा जाल तितक्यांदा त्या पोरीच्या डोक्यावर नवं काहीतरी ठेवून याल. गप घरी बसा."

माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "मग हे कुठं जाऊन नीट करायचं?"

मी मान खाली घालून मशिन चालवायला लागलो.

त्यानंतर ते सकाळी कुणाच्या दारात गेले नाहीत. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की भिंतीपलीकडं सगळेच वाजवतायत, क्लॅरिनेट तेवढं नाही. एका वरातीत मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. मास्तर सगळ्यांच्या पुढं चालत होते, लाल कोट, गाल फुगलेले, बोटं भरभर चालत होती. पण फुंकत नव्हते. क्लॅरिनेट नुसतं तोंडाला लावलेलं. सूर सगळा मागच्या ट्रम्पेटवाल्याचा. लोक नाचत होते, नोटा ओवाळत होते. कुणाला पत्ता नव्हता. मी नजरेला नजर दिली तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मला इतकं वाईट वाटलं की मी जेवण न करता घरी आलो.

जयश्री माझ्याकडं शिलाई शिकायला यायला लागली होती. हात चांगला, काजं तर माझ्यापेक्षा सुबक. एकदा मशिनवर वाकून काम करता करता म्हणाली, "शेषूकाका, मास्तरकाका माझ्याशी बोलत कामून न्हाईत?"

मी म्हणालो, "त्येंला वाटतं तुझं वाटोळं त्येंनी केलं."

ती मशिनचं चाक हातानं थांबवून बसली. मग म्हणाली, "त्या घरात मला भेटायला म्हणून तसं कुणी आलं न्हाई. बापबी न्हाई. मास्तरकाकाच एवढ्या लांबून येऊन माझ्यासाठी वाजवून गेले. त्या घरातला तेवढाच दिस माझा हुता काका. सासूला बोलायला कारणच लागत हुतं. हे नसतं तर भाजीतल्या मिठावरून बोलली असती."

मी तसाच उठून पलीकडं गेलो आणि मास्तरांना शब्दन्शब्द सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मोठ्या मनाची हाय पोरगी," म्हणाले आणि बोलणं संपवलं. ज्या माणसानं जन्मभर कौतुक माशीसारखं हाकललं, त्याला हे तरी कसं पटावं? मी लय डोकं फोडलं. वाद घातला, शिव्यासुद्धा दिल्या. वाया गेलं सगळं.

फारकत झाल्यावर जयश्रीचं दुसरं लग्न झालं ते गंगाखेडला, गोदावरीच्या काठच्या एका देवळात. मुलगा शाळेत शिपाई, पहिली बायको वारलेली, स्वभावानं गरीब. मोजकी माणसं. अंगदराव आदल्या दिवशी मास्तरांकडं आले आणि मान खाली घालून म्हणाले, "मास्तर, तुमी जेवायला यायचंच. निस्तं... ते वाजवायचं तेवढं घरीच ठिवा. राग मानू नका." मास्तर म्हणाले, "राग कशाचा, बरोबर हाय तुमचं."

आले. मोकळ्या हातानं. मी त्यांना मोकळ्या हातानं लग्नात कधी पाहिलं नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली. दुपारी जीप आली. ना ढोल, ना ताशा. बाया डोळे पुसत होत्या, तेही हळूच. जयश्री एकेकाच्या पाया पडत मास्तरांपाशी आली. वाकली, उठली, आणि त्यांच्या हातांकडं बघितलं.

"काका, वाजवायचं न्हाई आणलं?"

"न्हाई बाय. आज कायच चुकू द्यायचं न्हवतं."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "मग सुनंसुनंच जाऊ का मी?"

अंगदराव दुसरीकडं बघायला लागले. जयश्री वळली आणि जीपकडं चालायला लागली. तेव्हा मास्तर लगबगीनं निघाले, तिला ओलांडून पुढं झाले, आणि जन्मभर चालले तसे तिच्यापुढं चालायला लागले. सावकाश, मान जरा तिरकी, हात रिकामे. देवळाच्या पायऱ्यांपासून जीपपर्यंत त्यांनी तिला तसं नेलं. कुणी हसलं नाही. ती आत बसल्यावर ते बाजूला झाले. जीप गेली, धूळ बसली, तरी ते रस्त्याच्या कडेलाच उभे होते. मी हाक मारली, पण त्यांनी ती ऐकली नाही.